फ्लॅप हलला, पण कोणाच्या इशाऱ्यावर?

पात्याचा कोन झपाट्याने वाढला की पुढच्या कडेशी भोवरा तयार होतो. तो पाठीवरून मागे सरकेपर्यंत उचल वाढते; सुटला की उचल कोसळते आणि पात्याला नाक खाली दाबणारा पीळ बसतो. हा डायनॅमिक स्टॉल. मागच्या कडेला हलता फ्लॅप लावून त्यावर उपाय शोधणारा जेरॉन्टाकोस आणि ली यांचा २००६चा शोधनिबंध जरूर वाचा.

फ्लॅप वर वळवला की पिळाचा झटका कमी होतो, हे त्यांनी नीट दाखवलंय. पण शीर्षकातल्या ‘नियंत्रण’ या शब्दाने हुरळून जाऊ नका. भोवरा व्हायचा तो होतोच, फक्त त्याचा फटका सौम्य होतो. शिवाय प्रयोगात कोन ठरलेल्या लयीत बदलतो आणि फ्लॅप कधी हलणार हेही आधीच ठरलेलं असतं. आपल्या मुळशीतल्या ताम्हिणी घाटातला पावसाळी वारा असं वेळापत्रक पाळतो का? साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्कीला आधी झोत ओळखावा लागेल, फ्लॅप त्यानंतर.

म्हणून स्वतःच्या प्रस्तावात ‘स्टॉल आटोक्यात’ असं लिहिण्याआधी तपासा: उचलीबरोबर पीळ मोजलाय का? फ्लॅपला इशारा कोण देणार? आणि तो उशिरा पोचला तर?