एका क्रियापदाची दुरुस्ती

सुमारे वीस वर्षांपूर्वी गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या एका लघुकादंबरीवर मी लेख लिहिला होता. कादंबरी इंग्रजीतून वाचली होती: 'नो वन राइट्स टू द कर्नल'. त्या लेखातला एक अख्खा परिच्छेद मी शीर्षकावर खर्ची घातला. कर्नलला कोणी पत्र लिहीत नाही, एवढीच कोरडी बातमी लेखक देतो. त्यात आस नाही, आकांत नाही. या वार्ताहरी तटस्थतेतच कादंबरीचं बळ आहे, असं माझं प्रतिपादन होतं. निवृत्तीनंतर स्पॅनिश शिकायला लागलो आणि दुसऱ्याच वर्षी ते प्रतिपादन माझ्याच वहीत कोसळलं.

मूळ शीर्षक आहे 'एल कोरोनेल नो तिएने किएन ले एस्क्रीबा'. 'लिहितो' याला स्पॅनिशमध्ये 'एस्क्रीबे' म्हणतात. इथे आहे 'एस्क्रीबा'. फरक एका स्वराचा, पण त्या स्वराने क्रियापदाचा अर्थ बदलतो. घडणाऱ्या गोष्टीसाठी एक रूप आणि इच्छिलेल्या, शंकित किंवा अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीसाठी दुसरं, अशी ही व्यवस्था आहे. मराठी व्याकरणात तिचं काम विध्यर्थ, संकेतार्थ आणि भविष्यकाळ यांच्यात वाटलं गेलं आहे. म्हणून शीर्षकाचा अर्थ 'कर्नलला कोणी लिहीत नाही' असा नाही. तो आहे: 'कर्नलला लिहील असं कोणी नाही.'

ही दोन वाक्यं मराठी कानाने ऐकून पाहावीत. पहिल्यात एक वस्तुस्थिती आहे. दुसऱ्यात 'लिहील' या शब्दाबरोबर ते न आलेलं पत्र क्षणभर समोर येतं आणि 'नाही'पाशी विरून जातं. दर शुक्रवारी टपालाची लाँच येते, कर्नल धक्क्यावर जातो, पेन्शनचं पत्र नसतं, तो परततो. कादंबरीभर चाललेली ही ये-जा शीर्षकातच आहे. मी जिला तटस्थता म्हटलं, ती इंग्रजी वाक्याची होती. मी ती लेखकाच्या नावावर जमा केली.

इथे जपूनही बोललं पाहिजे. नसलेल्या व्यक्तीविषयी बोलताना हे रूप स्पॅनिशमध्ये व्याकरणानेच सक्तीचं आहे. तेव्हा 'एस्क्रीबा' ही मार्केस यांची खास किमया, असं म्हणणं पुन्हा नवी चूक ठरेल. लेखकाची निवड आहे ती 'नो तिएने' या शब्दांत. वाक्याचा कर्ता कर्नल आहे आणि त्याच्याजवळ काहीतरी 'नाही'. कादंबरी उघडते तेव्हा तो कॉफीचा डबा खरवडत असतो. चमचाभरच कॉफी उरली आहे. कॉफी नाही, पैसा नाही, मारला गेलेला मुलगा नाही, आणि पत्र लिहील असा माणूस नाही. शीर्षक या नसण्याच्या यादीतली शेवटची नोंद आहे. इंग्रजी शीर्षकात कर्ता 'कोणीच नाही' हा होतो आणि कर्नल वाक्याच्या शेपटाला जातो. मराठीतही 'असणं' वेगळ्या रीतीने बोललं जातं. 'कर्नलला' म्हणताच त्याचं कर्तेपण जातं. म्हणजे आपण 'एस्क्रीबा' वाचवतो आणि 'तिएने' गमावतो. पण काय गमावलं हे तरी कळतं.

स्पॅनिश का शिकावी, या प्रश्नाला ठरलेली उत्तरं आहेत. वीस देशांची ती राजभाषा आहे, मातृभाषकांच्या संख्येत ती चिनीनंतर येते, नोकऱ्या मिळतात. ही उत्तरं खोटी नाहीत. पण साहित्याच्या वाचकासाठी मला वेगळा लाभ महत्त्वाचा वाटतो: ही भाषा मराठीच्या अंगणातल्या अनेक गोष्टी दाखवते, ज्या इंग्रजीच्या खिडकीतून दिसत नाहीत. 'मे गुस्ता' म्हणजे शब्दशः 'मला आवडतं'. आवडणारी वस्तू कर्ता, आणि मी नुसता 'मला'. पेला पडला तर स्पॅनिश माणूसही 'माझ्या हातून पडला' अशाच वळणाने बोलतो. क्रियापदाच्या प्रत्ययातच 'मी' असतो, म्हणून तो वेगळा उच्चारावा लागत नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांतलं अंतर तिथेही जपलं जातं. 'गेला' आणि 'जात असे' हा भेद तिथे क्रियापदाच्या दोन रूपांत आहे. इंग्रजीचा साधा भूतकाळ तो अनेकदा पुसून टाकतो. दर शुक्रवारी 'जाई' की एका शुक्रवारी 'गेला', यावर या कादंबरीचं सगळं वजन आहे.

ही कादंबरी 1958 साली नियतकालिकात, 1961 साली पुस्तकरूपाने आली. इंग्रजी अनुवाद 1968चा. 1982च्या नोबेलनंतर लॅटिन अमेरिकी साहित्याविषयी आपण पुष्कळ लिहिलं, बहुतेक इंग्रजीवरून. 'जादुई वास्तववाद' हे लेबल हाती होतं, ते जिथे तिथे चिकटवलं. या कादंबरीत तर जादू औषधालाही नाही. आहे तो दमेकरी बायको, झुंजीचा कोंबडा आणि रिकामं स्वयंपाकघर यांचा हिशेब. तरीही मी माझ्या लेखात ते लेबल एकदा वापरलंच होतं.

प्रत्येक भाषा शिकून मगच वाचावं, असा हट्ट मी धरणार नाही. तसा धरला तर रशियन कादंबऱ्या मला मिटून ठेवाव्या लागतील. इंग्रजी अनुवादकांनी मला हा लेखक दिला, हे ऋण आहेच. मागणी एवढीच आहे: शैलीविषयी निर्णय देताना समीक्षकाने आपण कोणाची शैली वाचली ते सांगावं. आणि स्पॅनिशमधून मराठीत येणाऱ्या पुस्तकाला मधला मुक्काम टाळता आला, तर टाळावा. त्या मुक्कामावर जे उतरवून ठेवलं जातं, त्यातलं बरंचसं मराठीजवळ आधीपासून असतं.

कादंबरीच्या शेवटी बायको विचारते की आता खायचं काय, आणि पंचाहत्तर वर्षांचा कर्नल एकाच शब्दात उत्तर देतो. तो शब्द कोणत्याही भाषेत समजतो. शीर्षकातल्या शेवटच्या शब्दासाठी मात्र मला दोन वर्षं शाळेच्या बाकावर बसावं लागलं. जुना लेख पुस्तकात आहे, तो आता बदलता येत नाही. म्हणून ही दुरुस्ती इथे नोंदवतो.