नोंदवहीतील ख्रिस्ती

जर्मनीतील दोन प्रमुख ख्रिस्ती मंडळ्यांचे सभासद २०२२ च्या अखेरीस लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी उरले होते. यावरून ज्यांस धर्म बुडाला असे वाटते, त्यांनी डिट्रिख बोन्हॉफर यांचा 'अनुसरण' हा १९३७ सालचा जर्मन ग्रंथ अवश्य वाचावा. पश्चात्तापावाचून वाटल्या जाणाऱ्या क्षमेस ते 'स्वस्त कृपा' म्हणतात. त्या काळी मंडळ्यांच्या नोंदवह्या भरलेल्या होत्या. तरी हिटलरपुढे बहुतेकांनी मौनच पत्करले. ग्रंथाची कसोटी दुर्बळ भाविकास फार कठोर आहे, हा आमचा आक्षेप. त्यातील धोके ग्रंथकर्त्यांनीही १९४४ साली तुरुंगातून मान्य केले. ग्रंथ मात्र मागे घेतला नाही, आणि पुढील वर्षी ते फासावर गेले. मंडळीचा कर वाचविण्यासाठी नाव कमी करणाऱ्याने, तसेच केवळ सवयीने ते राखणाऱ्याने, ही कसोटी एकवार स्वतःस लावून पाहावी.