यादीत नसलेला घन

पर्स्पेक्टिव्ह शिकवणारा कुठलाही व्हिडिओ उघडा, पहिल्या मिनिटात खोका येतोच. क्षितिजरेषा, तिच्यावर एक बिंदू आणि त्या बिंदूकडे पळणाऱ्या कडा. पुढे नोकरीत थ्रीडी व्ह्यूअरचा कोड लिहिताना मलाही तोच खोका भेटला. प्रत्येक बिंदूचे एक्स आणि वाय त्याच्या खोलीने भागा, झालं पर्स्पेक्टिव्ह.

म्हणून पॉल सेझानचं एक पत्र वाचताना मी अडखळलो. १५ एप्रिल १९०४ ला एमिल बर्नार या तरुण चित्रकाराला तो सांगतो की निसर्ग वृत्तचिती, गोल आणि शंकू यांच्या रूपात हाताळावा, आणि सगळं पर्स्पेक्टिव्हमध्ये बसवावं. पुढे हे वाक्य क्यूबिझमचं बीज म्हणून खूप फिरलं. पण यादी पुन्हा वाचा. घन तिच्यात नाहीच.

हा विसरभोळेपणा असेल असं मला वाटत नाही. खोक्याच्या कडा खोक्याच्या मालकीच्या असतात. तुम्ही मान हलवलीत तरी कडा त्याच, फक्त चित्रात सरकतात. पेल्याचं तसं नाही. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला कुठलीच रेघ कोरलेली नसते. पत्रा आपल्यापासून जिथे वळतो, तिथे आपल्याला कड दिसते. जरा बाजूला सरका, कड बदलली. कोडमध्येही खोक्याच्या कडा एकदाच साठवता येतात. गोल वस्तूची बाह्यरेषा मात्र कॅमेरा हलला की नव्याने काढावी लागते. म्हणजे ही रेघ वस्तूची जितकी, तितकीच पाहणाऱ्याची.

आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधलं त्याचं ‘द बास्केट ऑफ ॲपल्स’ फोनवर झूम करून पाहा. सुमारे १८९३ चं चित्र. टेबलाची पुढची कड पांढऱ्या कापडाखाली शिरते आणि पलीकडे वेगळ्याच उंचीवर बाहेर येते. बाटली कललीय, टोपली आपल्याकडे झुकलीय. ‘नियम मोडले’ एवढंच म्हणून याचं कौतुक केलं जातं, ते मला आळशी वाटतं. पर्स्पेक्टिव्हचा नियम एका जागी खिळलेल्या एका डोळ्याचा आहे. सेझान तासन्‌तास पाहत होता, जागचा हलत होता, आणि हलल्याच्या खुणा त्याने पुसल्या नाहीत. सगळंच यातून सुटत नाही, हेही खरं. बाटलीचा कल मला पाहण्यापेक्षा रचनेच्या गरजेतून आलेला वाटतो.

आठवीत एलिमेंटरीच्या सरावात मी पेला काढला होता. तोंड लंबगोल, तळ मात्र सरळ रेघ, कारण टेबल सपाट! सरांनी तळावर लाल फुली मारली आणि मी चित्रकला सोडली. सेझान सापडल्यावर वाटलं, बघा, माझंच बरोबर होतं.

नव्हतं. तळ नजरेच्या पातळीपासून तोंडापेक्षा आणखी खाली असतो, म्हणून त्याची कमान जास्त गोल दिसते. मी पाहिलंच नव्हतं. ठाऊक होतं ते काढलं होतं. सेझानची चुकलेली कड फार वेळ पाहिल्याने आली, माझी न पाहिल्याने. वरवर दोन्ही चुकाच. समीक्षेने हा फरक सांगायला हवा, नाहीतर प्रत्येक वाकडी रेघ धाडसी ठरेल.

काल पेला समोर ठेवून पुन्हा काढला. तळाची कमान अजून सपाटच येते.