दोन रकान्यांचा तक्ता आणि डिझेलची व्हॅन

पेट्रोल व डिझेल इंजिनांतील फरक दाखवणारा दोन रकान्यांचा तक्ता आपल्या गाइडांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. एकीकडे 'स्पार्क प्लग असतो', दुसरीकडे 'नसतो'. एकीकडे 'इंधन जास्त लागते', दुसरीकडे 'कमी'. यातली एकही ओळ खोटी नाही. आमची तक्रार अशी, की या ओळींचा एकमेकींशी संबंध काय, हे तक्ता सांगत नाही.

डिझेल इंजिन नुसती हवा आत घेते व तिचे आकारमान साधारण १५ ते २० पटींनी घटवते. सायकलचा पंप मारताना तो तापतो, तोच हा प्रकार. येथे मात्र हवा ५०० अंश सेल्सिअसपलीकडे जाते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. मग ठिणगी कशाला? पेट्रोल इंजिनात बहुधा इंधन हवेत आधीच मिसळलेले असते. ते इतके दाबले तर अवेळी पेटेल, म्हणून तेथे दहा पटींच्या आसपास थांबावे लागते. वायू जितका अधिक दाबून प्रसरण पावू द्यावा, तितकी अधिक उष्णता कामी येते. 'कमी लागते' याचे एक कारण हे.

दुसरे कारण निव्वळ मापाचे आहे. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये सुमारे ३२. जळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतो अनुक्रमे सुमारे २.७ व २.३ किलो. समजा, डिझेल व्हॅन लिटरला १८ किलोमीटर जाते आणि पेट्रोलची १४. लिटरच्या हिशेबात डिझेल २९ टक्के पुढे. किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइडची बचत मात्र जेमतेम ९ टक्के. नववीच्या मुलांना सहज जमणारे हे गणित तक्ता करूच देत नाही.

आणि काजळी? फवाऱ्यातले सगळे थेंब हवेत नीट मिसळत नाहीत, त्यातून ती होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर नव्या डिझेल व्हॅनमध्ये काजळी अडवणारी गाळणी आली. साचलेली काजळी जळायला धूर बराच वेळ गरम राहावा लागतो. तुळजापूरहून भाविकांना घेऊन सोलापूर गाठणाऱ्या व्हॅनमध्ये हे साधते. धाराशिव शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या शाळेच्या व्हॅनमध्ये साधत नाही, गाळणी तुंबते. घेणारा मात्र 'ॲव्हरेज किती?' एवढेच विचारतो. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या जुन्या डिझेल व्हॅनला तर बहुधा गाळणीच नसते, आणि मुले तिच्या मागूनच चढत असतात.