गोधडीतील कापड कोणाचे?

व्हिटनी ऑटो या अमेरिकी लेखिकेची ‘हाउ टु मेक ॲन अमेरिकन क्विल्ट’ ही पहिली कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि १९९५ साली जोसलिन मूरहाउस यांनी तिच्यावर चित्रपट काढला. कॅलिफोर्नियातील ग्रास हे काल्पनिक लहानसे गाव, तेथे एकत्र बसून गोधड्या शिवणाऱ्या काही स्त्रिया, आणि लग्न ठरले असूनही मनातून डळमळीत झालेली फिन ही नात, एवढाच तिचा संसार. शिवणाच्या सूचना देणारी प्रकरणे आणि एकेकीची प्रेमकहाणी अशी आलटून पालटून मांडणी आहे. सूचना वरवर सुईदोऱ्याच्या. पण कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी ठेवावा हे सांगता सांगता लेखिका माणसांविषयी बोलू लागते. कादंबरीतील हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटतो.

चित्रपटात मात्र फिनच्या लग्नाच्या गोधडीचा विषयच ‘प्रेम कोठे वसते’ असा आधी ठरतो आणि प्रत्येकीने आपापला चौकोन भरायचा असतो. बहिणीच्या नवऱ्याशी घडलेला प्रमाद, चित्रकार पतीची बाहेरख्याली वृत्ती, सारे अखेर चौकोनात नीट बसते. ते फारच नीट बसते, ही आमची तक्रार. दुखावलेली बहीण चिनी मातीच्या वस्तू फोडते आणि ते तुकडे भिंतीत लिंपून टाकते. ती भिंत आम्हांस त्या गोधडीहून खरी वाटली. गोधडीवर प्रेमाचे चित्र आहे, परंतु कोणाच्या अंगावरचे कापड तिच्यात आले हे विचारावेसे कोणालाच वाटत नाही.

ॲलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत तोच प्रश्न ऐरणीवर येतो. आजीच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या झग्यांचे तुकडे, आजोबांच्या सदऱ्याच्या चिंध्या, आणि पणजोबांच्या यादवी युद्धातील गणवेशाचा काडेपेटीएवढा विटलेला निळा तुकडा अशा त्या गोधड्या. शिकून शहरी झालेली डी त्या भिंतीवर टांगण्यासाठी मागते. आईने त्या धाकट्या मॅगीला लग्नात द्यायचे कबूल केलेले असते. मॅगी त्या वापरून फाडून टाकील, असे डीचे म्हणणे. आई अखेर त्या ओढून घेऊन मॅगीच्या मांडीवर टाकते.

या कथेवर बोलताना डीला हसण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते. कॉलेजला जाताना हीच गोधडी तिने जुनाट म्हणून नाकारली होती, हे खरे. पण वापरलेले कापड विरते, हेही खरेच. मात्र मॅगीला गोधडी शिवता येते, डीला येत नाही, आणि कथेचे पारडे तेथे झुकते. बेळगाव-गोव्याकडील वाचकांना हा पेच परका नाही. हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या कवंदी कडेकडून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी ‘फुले’ लावतात. घरच्या पांघरुणासाठी शिवलेल्या या कवंदी आता प्रदर्शनांतही विकल्या जातात. विकत घेणारा ती पांघरतो की भिंतीला लावतो, हे शिवणारीला कळत नाही. आमच्या मुलांच्या मराठीविषयीही आम्हांस कधी कधी हीच शंका येते.

ऑटो यांच्या कादंबरीला जे साधले नाही, ते अलाबामातील जीज् बेंड या वस्तीत एका स्त्रीने कथेवाचून साधले होते. १९४२ साली मिसूरी पेटवे यांनी दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि प्रेमाने ती अंगावर घेता यावी, हा हेतू त्यांच्या मुलीने पुढे सांगितला. जीज् बेंडच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. तेथील कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत गुडघ्यांपाशी कापड झिजून पांढरे पडलेले असते, आणि उसवून काढलेल्या खिशाच्या जागी मूळचा गडद निळा रंग तसाच राहिलेला दिसतो.