बंद पडलेल्या गेमवर संशोधन करायचंय? आधी 'पुण्याने वाट लावली' हे वाक्य तपासा

नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडून पुण्याला ॲनिमेशन आणि गेम आर्ट शिकायला जाणारी मुलं वाढली आहेत. त्यामुळे असेल, पण सिनॉप्सिससाठी विषय शोधताना 'गेम इंडस्ट्रीतली कपात' हा विषय बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळतो. विषय चांगला आहे आणि त्यामागचा रागही खरा आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातली १,९०० माणसं कमी केली. जुलै २०२५ मध्ये 'परफेक्ट डार्क' आणि 'एव्हरवाइल्ड' हे गेम रद्द केले, आणि पहिल्यावर काम करणारा 'द इनिशिएटिव्ह' हा स्टुडिओच बंद केला. मात्र अशी यादी कितीही लांबली तरी तिच्यातून संशोधनाचा प्रश्न आपोआप निघत नाही. तो कसा काढायचा, हे आपल्या शेजारच्याच उदाहरणावर बघूया.

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा गेम २००३ मध्ये युबीसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने केला. त्याची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली, आणि ती करत होते युबीसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. इतक्या मोठ्या नावाच्या गेमची मुख्य जबाबदारी इकडच्या टीमकडे, ही बातमीच होती. ट्रेलर आला आणि जगभरातून टिंगल सुरू झाली. गेम २१ जानेवारी २०२१ ला येणार होता; तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवलं गेलं. २०२४ मध्ये 'आता २०२६' असं सांगितलं. आणि २१ जानेवारी २०२६ ला कंपनीने गेम रद्दच करून टाकला.

या सगळ्याचं लोकांनी एका वाक्यात केलेलं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल: पुण्या-मुंबईच्या टीमने वाट लावली. माझी हरकत या वाक्याला आहे. 'आपल्या' लोकांना वाईट म्हटलं म्हणून नव्हे. ट्रेलर कमजोरच होता. चेहरे मेणाचे वाटतात, उजेड सपाट पडतो, दगडाला दगडपण नाही. हरकत अशी की परिणाम डोळ्यांसमोर आहे म्हणून कारणही दिसलं, असं धरून चालता येत नाही.

काय काय दिसत नाही ते बघा. बजेट किती होतं? माणसं किती होती? जाहीर केल्यापासून साडेचार महिन्यांत गेम बाजारात आणायची तारीख कुणी ठरवली? मार्च २०२० पासून देशात लॉकडाऊन होता, म्हणजे ट्रेलरच्या आधीचे महिने कोणत्या परिस्थितीत गेले? यातलं एकही चल आपल्या हातात नाही. हातात आहे तो काही मिनिटांचा ट्रेलर.

आता पुढची पायरी. 'टीम कच्ची होती' हे गृहीतक पुरेसं असेल, तर टीम बदलल्यावर गेम पूर्ण व्हायला हवा होता. मूळ गेम ज्यांनी केला त्याच स्टुडिओकडे तो जवळपास पावणेचार वर्षं होता. तरी झाला नाही. यावरून पुण्याची टीम निर्दोष होती असं सिद्ध होतं का? नाही. टीमसोबत वेळापत्रक, कामाची व्याप्ती, कंपनीची आर्थिक स्थिती हे सगळंच बदललं, त्यामुळे ही स्वच्छ तुलना नाही. पण एवढं नक्की, की जुनं वाक्य आता पहिल्याइतक्या ठामपणे म्हणता येत नाही.

शिवाय त्या दिवशी हा एकच गेम रद्द झाला नाही. संपूर्ण कंपनीच्या फेररचनेत एकूण सहा गेम गेले. दर्जा गाठायला लागणारा आणखी वेळ आणि पैसा परवडत नाही, असा खुलाशाचा सूर होता. सहा गेम एकाच दिवशी जात असतील, तर अभ्यासाचं एकक 'एक गेम' धरायचं की 'कंपनीचा पैशांचा हिशेब'? माझ्या मते दुसरं. तुमचा गाईड वेगळं म्हणेल; म्हणू द्या, पण व्हायव्हाच्या आधी भांडून घ्या.

थोडं विषयांतर. नगरचा फराहबाग बघितला असेल. त्याचं काम चंगेजखानाने सुरू केलं, नियामतखानाकडून ते पहिल्या सलाबतखानाकडे गेलं आणि १५८३ मध्ये दुसऱ्या सलाबतखानाने पुरं केलं. हात बदलले तरी इमारत उभी राहिली, म्हणून निदान सरदारांची नावं आपल्याला माहीत आहेत. गवंड्यांची नाहीत. रद्द झालेल्या गेममध्ये तर इमारतच नसते.

आणि इथेच सगळ्यात मोठी अडचण आहे. गेम प्रकाशित झाला की शेवटी श्रेयनामावली येते. संशोधक तिच्यावरून कोण कुठे काम करत होतं ते शोधतात. गेम रद्द झाला की ती यादीच येत नाही. म्हणजे श्रेयनामावलीवरून सॅम्पल काढलं, तर ज्यांच्यावर अन्याय झाला तीच माणसं आधीच गळालेली असतात. सिनेमा डब्यात गेला तर निदान डबा कुणाच्या तरी कपाटात असतो. इथे काम कंपनीच्या सर्व्हरवर, आणि गोपनीयतेच्या करारामुळे ते शोरीलमध्येही टाकता येत नाही. दोन वर्षं एका राजवाड्याच्या भिंती रंगवलेल्या मुलीने पुढच्या मुलाखतीत काय दाखवायचं? जगाने बघितला तो फक्त टिंगल झालेला ट्रेलर.

साहित्याच्या आढाव्यात जेसन श्रायर यांचं 'प्रेस रीसेट' (२०२१) घ्याल, घ्यायलाच हवं. स्टुडिओ बंद पडल्यावर माणसांचं काय होतं हे त्यात नीट आलंय. पण ते पत्रकाराचं पुस्तक आहे आणि त्याची नजर मुख्यतः अमेरिकेवर आहे. केसी ओ'डॉनेल यांचं 'डेव्हलपर्स डायलेमा' (२०१४) अमेरिकेसोबत भारतातल्या स्टुडिओंकडेही बघतं, पण तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलंय. बाहेरून आलेलं काम करणाऱ्या स्टुडिओला पहिल्यांदा मुख्य जबाबदारी मिळते आणि मग ती काढून घेतली जाते, तेव्हा आत काय होतं? तुमच्यासाठी जागा इथे आहे.

त्यासाठी मुलाखती लागतील, आणि मुलाखत देणारा कराराने बांधलेला असेल. 'नाव बदललं आहे' एवढ्याने भागत नाही. 'मूळची पाथर्डीची, पुण्यातल्या मोठ्या स्टुडिओत लायटिंग करणारी' असं लिहिलंत की त्या वर्तुळातले लोक पाच मिनिटांत ओळखतील. गाव काढा, हुद्दा ढोबळ करा, गरज पडली तर दोघींचे अनुभव एकत्र मांडा आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात लिहा. गेमच्या आतल्या गोष्टी विचारूच नका; कामाचे तास, बदललेल्या तारखा, गेम रद्द झाल्याचं कुणाकडून आणि कधी कळलं, हे विचारा. बातमी आधी ऑफिसात कळली की मोबाईलवर, या एका प्रश्नापासून सुरुवात करून बघा.