‘कच्चे’ आणि ‘पक्के’ : गडचिरोलीच्या वाटेवरचे प्रवासलेखन

चंद्रपूरहून मूल, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्यात मीही भर घातली आहे. परवा माझाच एक जुना लेख वाचताना एका वाक्यापाशी थबकलो: ‘दुतर्फा मातीची कच्ची घरे लागली.’ या लेखात चंद्रपूरच्या परकोटाला, राणी हिराईने बांधवलेल्या बीरशहाच्या समाधीला आणि मार्कंड्याच्या शिल्पांना मी परिच्छेदच्या परिच्छेद दिले होते. मातीच्या वाट्याला आले ते एवढे एक वाक्य.

दोष केवळ माझा नाही. या मुलखावरच्या आपल्या लेखनाचा साचाच ठरून गेला आहे. आधी जंगल येते, मग भीती, शेवटी सेवा. इतिहास म्हणून जे काही येते ते दगडाचे. मातीची भिंत आली की ती दारिद्र्याची खूण म्हणून येते. बांधकाम म्हणून ती कोणी पाहत नाही.

आता हाच वाचक पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे वर्णन कसे वाचतो ते पाहा. जेन्ने गावची मशीद कच्च्या विटांची आणि मातीच्या गिलाव्याची आहे. आजची इमारत 1907 मधली. दरवर्षी अख्खे गाव लोटते आणि तिला नवा गिलावा चढवते. भिंतींतून बाहेर आलेल्या ताडाच्या लाकडांवर पाय देऊन गवंडी वर चढतात. 1988 मध्ये हे गाव जागतिक वारसा यादीत गेले. तिथली माती आपल्याला ‘वास्तुकला’ वाटते, आणि धानोरा तालुक्यातली माती ‘कच्ची’. फरक मातीत नाही, पाहणाऱ्याच्या शब्दात आहे.

‘पक्के’ म्हणजे एकदा बांधले की विसरता येते ते, अशी आपली समजूत आहे. मातीच्या वास्तूचा हिशेब वेगळा असतो. ती टिकते ती हातांवर. दिवाळीच्या तोंडावर भिंत सारवणारी एक बाई मला म्हणाली होती, “भाऊ, सारवलं तं राहते, नाही तं जाते.” हे वाक्य तेव्हा मी टिपले, पण लेखात घेतले नाही. ते संशोधनाचे साधन वाटले नव्हते.

या दृष्टीने मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक मला महत्त्वाचे वाटते. मेंढा (लेखा) या गोंड गावाने परंपरेप्रमाणे सागाचे लाकूड वापरून घोटूल बांधला. वनखात्याने तो पाडला. आसपासच्या गावांनी एकत्र येऊन घोटूल बांधण्याचे ठरवले आणि तो पुन्हा उभा राहिला. पुढे 2009 मध्ये याच गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बोकील गावाकडे निर्णय घेणारे माणूसपण म्हणून पाहतात, देखावा म्हणून नाही. टिंबक्टूत 2012 मध्ये सशस्त्र गटाने पाडलेल्या समाध्या तिथल्याच गवंड्यांनी पुन्हा बांधल्या. पाडणारे वेगळे, कारणे वेगळी. पण दोन्हीकडे वास्तू परत आली ती बांधणारे लोक शिल्लक होते म्हणून.

इथे एक सावधगिरी हवी. मातीचे गोडवे गाणे सोपे आहे. वाळवी, गळके छप्पर आणि सारवणाचे कष्ट यांतले काहीच लेखकाच्या वाट्याला येत नाही. कष्ट तर बहुतेक बायकांच्याच माथी असतात. सिमेंटचे घर मागणारा माणूस चुकत नाही. चुकते ती आपली भाषा. त्याची गरज सांगता सांगता ती त्याचे कसबही पुसून टाकते. ‘कच्चे’ हा शब्द सरकारी नोंदीत चालेल. समीक्षेत आणि प्रवासवर्णनात तो तपासल्यावाचून येऊ नये.

जुना लेख पुन्हा छापायचा झाला, तर मी ते एक वाक्य काढीन आणि त्या जागी त्या बाईचे वाक्य घालीन.